सारिया ते सांतियागो : कुठे जेवणासह खोली घ्यावी आणि कुठे नुसती खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सप्टेंबरच्या मध्यावर तुम्ही दोघं आणि तुमचे आई-बाबा स्पेनमधल्या कामिनोचा, म्हणजे यात्रेकरूंच्या पायवाटेचा, सारिया ते सांतियागो दे कोम्पोस्तेला हा शेवटचा भाग चालणार आहात. एजन्सीने मुक्कामाचे तीन दर पाठवलेत. एक खोली आणि नाश्ता. दुसऱ्यात रात्रीचं जेवण धरून माणशी रोज २४ युरो जादा. तिसऱ्यात तिन्ही वेळचं जेवण. आई शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत. बाबांना मधुमेह आहे. परक्या देशात रोज जेवण शोधत फिरायला नको, म्हणून सरळ तिन्ही वेळचं घेऊन टाकावं का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. मधला पर्यायसुद्धा सगळ्या रात्रींसाठी सरसकट घेऊ नका. कामिनोवर जेवणाचा प्लॅन पूर्ण यात्रेसाठी एकदाच ठरवायचा नसतो, तो गावागावाने ठरवायचा असतो. नाश्ता तुम्ही सप्टेंबरात जाताय म्हणून बहुतेक ठिकाणी घ्या. रात्रीचं जेवण फक्त तिथेच आधी बांधा, म्हणजे खोलीबरोबरच ठरवून टाका, जिथे चालत जाण्याच्या अंतरावर दुसरीकडे जेवायची सोय नाही. दुपारच्या जेवणाचे पैसे मात्र कुठेच आधी भरू नका. कित्येक वर्षं मी मराठी मंडळींना या वाटेची आखणी करून देते आहे, आणि इतर कशाहीपेक्षा या एका मुद्द्यावर लोकांचे पैसे वाया जाताना पाहिले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दरपत्रक कसं वाचायचं ते. महाबळेश्वरला किंवा गोव्यात हॉटेल घेताना आपल्याला ईपी, सीपी, एमएपी आणि एपी असे चार प्लॅन दिसतात. स्पेनमध्येही हेच चार आहेत, फक्त अक्षरं वेगळी, आणि बुकिंगच्या कागदावर ते ‘रेखिमेन’ या शब्दापुढे लिहिलेले असतात. ‘सोलो आलोखामिएंतो’ किंवा एसए म्हणजे आपला ईपी, नुसती खोली. ‘आलोखामिएंतो इ देसायुनो’ किंवा एडी म्हणजे सीपी, खोली आणि नाश्ता. ‘मेदिया पेन्सिओन’ किंवा एमपी म्हणजे एमएपी, नाश्ता आणि एक जेवण. ‘पेन्सिओन कोम्प्लेता’ किंवा पीसी म्हणजे एपी, तिन्ही वेळचं. इंग्रजी साइटवर हेच क्रमाने आरओ, बीबी, एचबी आणि एफबी होतात. मेदिया पेन्सिओनमधलं ते एक जेवण बहुधा रात्रीचं असतं. काही हॉटेलं रात्रीऐवजी दुपारचं घेऊ देतात, पण ते आधी विचारावं लागतं.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं म्हणजे ‘पेन्सिओन’ हे स्पेनमध्ये राहण्याच्या जागेच्या एका प्रकाराचंही नाव आहे. दारावर ‘पेन्सिओन अमुकतमुक’ अशी पाटी असली तरी तिथे जेवण मिळेलच असं नाही, बऱ्याच जागी साधा चहासुद्धा मिळत नाही. दुसरं, साइटवर नाश्त्याचं चित्र दिसलं म्हणजे तो दरात धरलेला असतो असं नाही. ‘देसायुनो इन्क्लुइदो’ लिहिलं असेल तरच तो आत. ‘दिस्पोनिब्ले’ असेल तर तो मिळतो, पण वेगळे पैसे देऊन. शिवाय दरपत्रकात ‘कोमिदा’ म्हणजे दुपारचं जेवण आणि ‘थेना’ म्हणजे रात्रीचं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता खरा मुद्दा, घड्याळाचा. स्पेनमधल्या खानावळींची चूल आपल्यासारखी दिवसभर पेटलेली नसते. दुपारचं जेवण एक-दीडला सुरू होतं आणि साडेतीन-चारला संपतं. त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रात्रीचं जेवण शहरात साडेआठ-नऊच्या आधी सुरू होत नाही. यात्रेच्या वाटेवरच्या गावांत पुष्कळ जण यात्रेकरूंसाठी सात-साडेसातलाच वाढायला घेतात, पण सगळे नाही. मधल्या वेळात बार उघडे असतात. बार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते तिथे नाही. तिथला बार म्हणजे कॉफी, टोस्ट, सँडविच आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले आजोबा. बाया-माणसं, पोरंबाळं सगळी तिथे असतात. दुपारी चार ते रात्री आठ या वेळात तुमचा आधार हाच.

चालणारा माणूस सकाळी आठच्या सुमाराला निघतो आणि दोन-तीनपर्यंत मुक्कामी पोहोचतो. म्हणजे तो बरोबर दुपारच्या जेवणाच्या वेळी, कडकडून भूक लागलेली असताना गावात येतो. आणि स्पेनमध्ये दिवसातलं सर्वांत चांगलं, सर्वांत स्वस्त जेवण नेमकं त्याच वेळी असतं: ‘मेनू देल दिया’. एक पहिला पदार्थ, एक दुसरा, गोड किंवा कॉफी, पाव, आणि पाणी किंवा वाइन, सगळं एका ठरलेल्या किमतीत. प्रत्येक टप्प्याला तीन-चार पर्याय असतात. पाटीवर लिहिलेल्या किमतीत कर धरलेला असतो आणि टिप द्यायची सक्ती नसते. ‘मेनू देल पेरेग्रीनो’, म्हणजे यात्रेकरूंचं ताट, हे त्याचंच रूप, मुख्यतः संध्याकाळी मिळणारं. सध्या या दोन्हींची किंमत गावागावाप्रमाणे साधारण १२ ते १६ युरो पडते.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, विशेषतः वयस्क माणसं बरोबर असतील तर, की मुख्य जेवण दुपारी पोहोचल्यावर करा. आंघोळसुद्धा नंतर. अडीच-तीनला पोटभर जेवलात की दोन तास झोप काढा, संध्याकाळी गावात फिरा, आणि रात्री फळं, दही, पाव, थोडंसं चीज असं हलकं काहीतरी खोलीतच खा. रात्री साडेआठला तीन पदार्थांचं जेवण आणि सकाळी उठून परत पंचवीस किलोमीटर चालायचं, हे साठीच्या पुढच्या पोटाला जमत नाही. रात्रीचं जेवण आधीच विकत घेऊन ठेवलं की मात्र ते वाया जाऊ नये म्हणून दुपारी सँडविचवर भागवलं जातं, आणि दुपारी पोटात काही नसल्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळे चिडचिडे होतात.

आता तुमच्या २४ युरोंचा हिशेब. पहिल्या दरात नाश्ता आहेच, म्हणजे ही जादा रक्कम एकट्या रात्रीच्या जेवणाची झाली. तेच ताट बाहेर १२ ते १६ युरोंना मिळतं. वर हॉटेलच्या मेदिया पेन्सिओनमध्ये पेयं बहुतेक वेळा धरलेली नसतात. पाणीसुद्धा बाटलीचं आणि वेगळ्या पैशांचं, असं होऊ शकतं. अशा वेळी ‘आग्वा देल ग्रीफो’, नळाचं पाणी, मागा. २०२२ च्या स्पेनच्या कचरा-कायद्याप्रमाणे (क्र. ७/२०२२) खानावळींनी हे पाणी मोफत द्यायलाच हवं, आणि ते पिण्यायोग्य असतं. हॉटेलच्या जेवणात निवडही कमी असते. ठरलेलं ताट, एखाद-दुसरा पर्याय. एखाद्या रात्री जेवला नाहीत तर पैसे परत मिळत नाहीत. कुठेकुठे हॉटेलची स्वतःची खानावळच नसते, ते शेजारच्या जागेची चिठ्ठी हातात देतात. ती जागा त्या दिवशी बंद असेल तर काय, हे आधी विचारून ठेवा. रविवारी रात्री आणि सोमवारी साप्ताहिक सुट्टी घेणाऱ्या खानावळी भरपूर आहेत.

तिन्ही वेळच्या प्लॅनबद्दल फार लिहायची गरज नाही. दुपारी तुम्ही एका हॉटेलातून निघालेले असता आणि दुसऱ्याला पोहोचलेले नसता. मग ‘दुपारचं जेवण’ म्हणून सकाळी एक पुडकं हातात मिळतं. त्यात हॅम किंवा चीजचं सँडविच, एक सफरचंद, पाण्याची बाटली. सारियाच्या पुढे दर काही किलोमीटरवर एक बार आहे. तिथे ताजं खायचं सोडून हे पुडकं पाठीवर का वाहायचं?

मग जेवण आधी बांधायचं ते कुठे? जिथे गाव म्हणजे चार घरं आहेत तिथे. पोर्तोमारीन आणि पालास दे रेई यांच्यामध्ये गोन्सार, व्हेंतास दे नारोन, लिगोंदे अशा वस्त्या लागतात. २५ किलोमीटरचा तो टप्पा आई-बाबांसाठी दोन दिवसांत तोडला आणि व्हेंतास दे नारोनला राहिलात, तर रात्रीचं जेवण मुक्कामीच सांगून ठेवा. तिथे संध्याकाळी दुकान शोधत फिरण्यात अर्थ नाही. तीच गोष्ट वाटेपासून बाजूला असलेल्या ‘कासा रुराल’ची, म्हणजे शेतावरच्या जुन्या दगडी घराची. एजन्सीवाल्यांना गावातल्या खोल्या मिळाल्या नाहीत की ते अशा घरांत जागा देतात. गाडी तुम्हाला वाटेवरून उचलते आणि सकाळी परत सोडते. घरं फार सुंदर असतात, पण एकदा तिथे पोहोचलात की तुम्ही तिथलेच. पालासजवळच्या अशा एका घरात नागपूरच्या एका कुटुंबाला नुसत्या खोलीचं बुकिंग करून दिलं गेलं होतं. आसपास काहीच नाही, यजमानीण जेवण फक्त आधी सांगितलं तर करणारी. जेवायला जाण्या-येण्याच्या टॅक्सीला जेवणाहून जास्त पैसे पडले. तेव्हा यादीतल्या प्रत्येक मुक्कामाचा पत्ता नकाशावर टाका आणि सर्वांत जवळची खानावळ किती पावलांवर आहे ते बघा. दहा मिनिटांत पोहोचता येत नसेल तर जेवण बांधा. माझी कसोटी एवढीच.

पुढेमागे तुम्ही पूर्ण फ्रेंच कामिनो, फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिए-द-पोरपासून, करायचा म्हटलात तर तिथेही हीच कसोटी लावा, उत्तरं मात्र वेगळी येतील. पहिल्याच दिवशी पिरेनीज चढताना आठेक किलोमीटरवर ओरिसोनचा निवारा लागतो. त्यानंतर सीमा ओलांडून रोन्सेस्वायेसपर्यंत गाव नाही. ओरिसोनला खाट जेवणासकटच मिळते आणि ती तशीच घ्यावी. रोन्सेस्वायेसला मठाच्या मोठ्या यात्रीनिवासात जागा घेताना जेवण आणि नाश्ता नोंदवता येतो, तोही नोंदवावा. उलट पांप्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन या शहरांत रात्रीचं जेवण आधी बांधणं म्हणजे शहराला पाठ दाखवणं. लोग्रोन्योच्या काये देल लाउरेलमध्ये किंवा लेओनच्या बारियो उमेदोमध्ये एका बारमधून दुसऱ्यात जात थोडंथोडं खाणं हेच तिथलं जेवण आहे.

‘दोनातीवो’ आल्बेर्गेबद्दलही, म्हणजे ऐच्छिक देणगीवर चालणाऱ्या यात्रीनिवासांबद्दलही, तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. त्यांची गोष्ट अगदी निराळी. ग्रान्योनला चर्चच्या इमारतीत, बेर्सियानोसला पॅरिशच्या घरात, असे काही निवारे आहेत जिथे दर नसतो. पेटी असते, तुम्ही आपापल्या परीने टाकायचं. रात्री सगळे मिळून भाजी चिरतात, एका टेबलावर जेवतात आणि मिळून भांडी घासतात. वारीत दिंडीची भिशी भरली की जेवणाची काळजी दिंडीची. इथे भिशी ठरलेली नाही, पण पंगत तीच. पेटी आहे म्हणजे फुकट आहे असं मात्र समजू नये. काल आलेल्यांनी टाकलेल्या पैशांतून आजचं जेवण शिजतं, तेव्हा बाहेर जेवलो असतो तर जे खर्च झालं असतं त्याहून कमी टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. अशा जागा आधी राखून ठेवता येत नाहीत. सारिया आणि सांतियागो ज्या प्रांतात येतात त्या गालिसियाच्या सरकारचे आल्बेर्गेही राखून ठेवता येत नाहीत. त्यांत स्वयंपाकघर असतं, पण पुष्कळ ठिकाणी भांडी नसतात. पातेलंच नाही म्हटल्यावर खिचडीचा बेत फसतो. आई-बाबांबरोबर असताना हा रस्ता धरू नका. पुढच्या वेळी दोघंच गेलात तर एक रात्र तरी जरूर धरा.

आता आईंचं जेवण. याचा प्लॅनशी थेट संबंध आहे, म्हणून नीट बघा. स्पेनमध्ये ‘व्हेखेतारियाना’ म्हटलं की मांस नको हे कळतं, पण अंडं त्यात धरलेलं असतं. शाकाहारी पाहुण्यासाठी तिथल्या स्वयंपाक्याला पहिलं सुचतं ते तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड आम्लेट. आणि लहान गावांत अजूनही ‘कार्ने’ म्हणजे मोठं मांस एवढाच अर्थ धरणारे भेटतात. त्यांच्या लेखी हॅमचे तुकडे आणि टूना हे मांसात मोडत नाहीत. ‘एन्सालादा मिक्स्ता’ मागवली की तिच्यावर टूना आणि उकडलेलं अंडं हमखास येतं. मसूर चोरिसोबरोबर, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजबरोबर, शिजलेले असतात, वरून तुकडे काढून उपयोग नाही. गालिसियाचं प्रसिद्ध ‘काल्दो गायेगो’ बघायला पालेभाजी-बटाट्याचं सूप, पण त्याला डुकराच्या चरबीची फोडणी-वजा चव असते. हिरव्या शेंगांच्या भाजीत हॅम, लसणाच्या सूपमध्ये हॅम आणि अंडं. गोडात सांतियागोचा बदामाचा केक आहे, त्यात अंडी आहेत. फ्लानमध्येही, म्हणजे तिथल्या कॅरॅमल कस्टर्डमध्येही, आहेत.

म्हणून आईंसाठी वाक्य तयार ठेवा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन, सिन आतून, सिन उएव्हो.’ मांस नको, मासे नकोत, हॅम नको, टूना नको, अंडं नको. एका कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून घ्या आणि दाखवा, उच्चाराची चिंता नको. ‘व्हेगाना’ म्हणायचा मोह टाळा. त्याने अंडं जातं, पण दूध, दही, चीजही जातं, आणि मग ताटात फारसं काही उरत नाही. अंड्याच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे (११६९/२०११) कुठल्या पदार्थात चौदा ठरावीक अ‍ॅलर्जीकारक घटकांपैकी काय आहे हे खानावळीला सांगावंच लागतं. अंडं, मासे, दूध त्या यादीत आहेत. ‘आलेर्खेनोस’ची यादी मागितली की अंड्याचा उलगडा होतो. मांस त्या यादीत नाही, ते तोंडीच विचारायला हवं.

आईंना काय खाता येईल? सकाळी ‘पान कोन तोमाते’, भाजलेल्या पावावर टोमॅटोचा गर आणि ऑलिव्ह तेल. दुपारी टूना-अंड्याशिवाय सॅलड, तव्यावर परतलेल्या भाज्या, टोमॅटोचा पास्ता, भाज्यांचा भात असेल तर तो. गालिसियात ‘पिमिएंतोस दे पाद्रोन’, तळून मीठ भुरभुरवलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या. बहुतेक गोड, एखादी झणझणीत निघते. ‘काचेलोस’, म्हणजे उकडलेले गालिसियाचे बटाटे, फार चविष्ट. गोडात ‘आरोस कोन लेचे’: तांदूळ, दूध, साखर, दालचिनी. चीजच्या बाबतीत आई कितपत कडक आहेत ते तुम्हाला माहीत. पारंपरिक स्पॅनिश चीज पुष्कळदा प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण, वापरून केलेलं असतं. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर मात्र खानावळीवर विसंबूच नका. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि सुपरमार्केटमधून आणून करा.

या सगळ्याचा प्लॅनवर परिणाम असा होतो: मोठ्या हॉटेलच्या ठरलेल्या ताटात आईंची गाडी रोज पाव-सॅलड-बटाट्यावर अडेल, आणि २४ युरो मात्र पूर्ण लागतील. कासा रुरालमध्ये नेमकं उलट. तिथे घरची बाई चारसहा जणांसाठीच रांधते, भाज्या बऱ्याचदा मागच्या परसातल्या. दोन दिवस आधी कळवलंत तर ती मनापासून वेगळं काही करते. माझ्या ओळखीच्या शाकाहारी मंडळींना या वाटेवरची सर्वांत चांगली जेवणं अशाच घरांत मिळाली आहेत. म्हणजे आईंसाठी जेवण बांधायचं तर ते शेतावरच्या घरी बांधा, हॉटेलात नको. चौघांचं बुकिंग एकत्र असलं तरी प्लॅन माणसागणिक वेगळा ठेवता येतो का, हेही एजन्सीला विचारा. बरेचदा येतो.

बाबांसाठी प्रश्न वेळेचा आहे. औषधाची मात्रा आणि वेळ चालण्याच्या दिवसांत बदलावी लागेल का, हे निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, कारण रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालल्यावर साखर खाली येते. जेवणाचं म्हणाल तर माझी दुपारची पद्धत त्यांना सोयीची आहे: आठला नाश्ता, साडेदहा-अकराला वाटेत बारमध्ये काहीतरी, अडीचला जेवण, साडेसातला हलकं खाणं. रात्री साडेआठ-नऊच्या जेवणाची वाट बघणं त्यांना सर्वांत जड जाईल. मेनूतल्या गोडाऐवजी फळ, साधं दही किंवा कॉफी मागता येते. खिशात ग्लुकोज आणि चणे-शेंगदाणे कायम असू द्या.

घरून खाऊ न्यायचा असेल तर एक सूचना. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा चालतो. मेतकूट आणि तिथलं साधं दही, एवढ्यावर आईंची एखादी संध्याकाळ छान निघेल.

नाश्ता बहुतेक ठिकाणी घ्या असं वर म्हटलं, त्याचं कारण सूर्य. गालिसिया लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ मध्य युरोपचं चालतं. सप्टेंबरच्या मध्यावर तिथे आठच्या सुमाराला सूर्य उगवतो. आई-बाबांना घेऊन तुम्ही अंधारात निघणार नाही, आणि हॉटेलचा नाश्ता साडेसात-आठला सुरू होतो. वेळ जुळते. जुलैत जाणाऱ्यांना मी याच्या उलट सांगते: ऊन टाळायला ते सहालाच निघतात, आणि भरलेल्या पैशांचा नाश्ता मागे राहतो. कधी लवकर निघायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी ‘देसायुनो पारा येव्हार’, बरोबर न्यायचा नाश्ता, मागून ठेवा. नाश्त्याचे वेगळे पैसे सात-आठ युरोंच्या वर मागत असतील तर बारमध्ये जा. कॉफी आणि टोस्ट तिथे त्याच्या निम्म्यात होतं.

तेव्हा तुमच्या रात्री मी अशा लावेन. पालास ते आरसुआ हे २९ किलोमीटर एका दिवसात करू नका, मेलीदेला तोडा. सारिया: गाव मोठं, खानावळी भरपूर, फक्त नाश्ता. पोर्तोमारीन: तेच. पूल ओलांडल्यावर गावात शिरायला मोठा दगडी जिना चढावा लागतो, त्यामुळे एकदा वर गेलात की चौकाच्या आसपासच जेवा आणि झोपा. मुक्काम तिथेच जवळ मागा. पालास दे रेई: खोली गावात असेल तर फक्त नाश्ता. गाडीने नेणारं शेतघर असेल तर रात्रीचं जेवण नक्की बांधा, आईंचा निरोप आधी पाठवून. मेलीदे: इथे रात्रीचं जेवण बांधलंत तर मला वाईट वाटेल. हे ऑक्टोपसचं गाव. तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकडून, कात्रीने कापून, तेल, जाडं मीठ आणि पापरिका घालून लाकडी थाळीत देतात. तुम्ही दोघं आणि बाबा ते खाल, आईंना त्याच टेबलावर पाद्रोनच्या मिरच्या आणि काचेलोस मिळतील. आरसुआ: चीजचं गाव, फक्त नाश्ता. ओ पेद्रोउसो: मुख्य रस्त्यालगत पुरेशा खानावळी, फक्त नाश्ता.

ओ पेद्रोउसोच्या नाश्त्याबद्दल मात्र घरात आधी ठरवा. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये यात्रेकरूंची प्रार्थना दुपारी बाराला असते. ती गाठायची तर शेवटचे वीस किलोमीटर चालायला सहाच्या आधी, निलगिरीच्या जंगलातून टॉर्च लावून निघावं लागेल. मग तिथला नाश्ता घेऊ नका. आई-बाबांसाठी मी तसं करणार नाही. सावकाश नाश्ता करून निघा, दुपारी पोहोचा, जेवा, आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या प्रार्थनेला आरामात जा. त्यासाठी सांतियागोत दोन रात्री धरा. तिथे नुसती खोली पुरे, कारण जुन्या शहरात पावलापावलावर खायला मिळतं. २०२७ हे तिथलं पवित्र वर्ष आहे, २५ जुलै रविवारी येतो तेव्हा ते येतं. तेव्हा जाणार असाल तर गर्दी खूप असेल, गावातल्या खोल्या लवकर संपतील आणि एजन्सी तुम्हाला बाहेरच्या शेतघरांत ढकलेल. म्हणजे जेवण बांधायच्या रात्री वाढतील.

एजन्सीला आता एवढं लिहा: प्रत्येक मुक्कामाचं नाव आणि पत्ता, प्रत्येक ठिकाणचं रेखिमेन वेगळं, जेवण कुठे आणि किती वाजता वाढलं जातं, पेयं धरली आहेत का, त्या रात्री खानावळ बंद तर नाही, आणि अंडं न खाणाऱ्या शाकाहारी व्यक्तीला नक्की कोणते पदार्थ मिळतील. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘काही अडचण नाही’ असं आलं तर पदार्थांची नावं पुन्हा मागा. यादी आली की मला दाखवा, कुठल्या दोन-तीन रात्री जेवण बांधायचं ते पत्ते बघून सांगते.